अंगणातला बुटका ताड

मोहतमीमसाहेबांनी मला झाड दिलं, तेव्हा "बंदगी हुजूर" म्हणून मी दोन्ही हात पुढं केले. नको म्हणायला माणूस मुस्तकील असावा लागतो, आणि मी पडलो मुन्सरिम.

ज्यांनी निजाम सरकारची नोकरी केली नाही अशा भाग्यवंतांसाठी सांगतो. मुस्तकील म्हणजे कायम. मुन्सरिम म्हणजे हंगामी. काम सगळं करायचं, खुर्चीतही बसायचं, पण पाठ टेकायची नाही. चिटगुप्प्याच्या मिडल स्कूलचा मी मुन्सरिम सदर मुदर्रिस होतो, साध्या भाषेत हंगामी हेडमास्तर. ज्वारीचासुद्धा हंगाम कधी तरी संपतो. माझा वर्षानुवर्षं चालला होता. गावात कुणी "हेडमास्तर" अशी हाक मारली की मी आधी मागं वळून बघत असे, खरा कुणी आला की काय म्हणून. मला कायम करायचं की उचलून दुसरीकडं टाकायचं, हे बिदरला बसून मोहतमीमसाहेब ठरवणार. जिल्ह्यातल्या सगळ्या शाळा त्यांच्या हाताखाली.

या साहेबांना बागेचं वेड होतं. मी बिदरला त्यांच्या बंगल्यावर सलामाला गेलो तेव्हा ते एका कुंडीपुढं उकिडवे बसले होते, म्हणून मलाही उकिडवं बसावं लागलं. कुंडीत गुडघ्याएवढं झुडूप होतं. बुंधा असा नाहीच. मातीतूनच हिरवे विंझणे फुटावेत तशी पानं, आणि देठांना काटे.

"मास्टर, ये बुटका ताड है," साहेब म्हणाले. "समंदरपार का. ऊंचा नहीं होता, झाडी बनके रहता. उधर बरफ पडती, तो बी इसकू कुछ नहीं होता. तुम्हारे अंगन में लगाव. माघ में मैं दौरे पे आता, देखता कैसा रखे." मग माझ्याकडं नीट बघून म्हणाले, "जो झाड संभालता, वो मदरसा बी संभालता."

आता याहून उघड साहेबानं काय बोलायचं असतं? झाड जगलं तर मी मुस्तकील, झाड मेलं तर मीही गेलो. सर्व्हिस मोटारीत कुंडी मांडीवर घेऊन मी चिटगुप्प्याला आलो. वाटेत प्रत्येक खड्ड्याला काटे टोचत होते, पण मी हूं की चूं केलं नाही. शेजारच्या उतारूला वाटलं, मी एखाद्या मयताच्या खबरीवर निघालोय. त्यानं मला पान देऊ केलं.

घरी आल्यावर सुशीलाबाईंनी, म्हणजे आमच्या मंडळींनी, कुंडीकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं पाहिलं.

"मुस्तकील व्हायला गेलता, अन् हे काय काटेरी घेऊन आलात?"

"हेच मुस्तकील आहे," मी म्हणालो. बायको शहाणी असल्यामुळं तिनं पुढं विचारलं नाही. फक्त कपाळावर हात मारून आत गेली.

अंगणात दाराच्या उजव्या हाताला झाड लावून मी पाणी घालतोय, तोच घरमालक आले. रामाचार्य आमच्या शेजारीच राहत. बारा गावांत भिक्षुकी, दंडांवर गोपीचंदनाच्या मुद्रा, सोवळं असं कडक की पावसाचं पाणीसुद्धा कुठल्या ढगाचं ते विचारून अंगावर घेतील. पण माणूस बोलका. रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून जगाचा न्याय करायचे.

"नरहरराव, हे काय लावायलात?"

इथं मी पहिली चूक केली. शोभेचं झाड आहे म्हणालो असतो तर ही कथाच घडली नसती. पण मास्तरकीमुळं बरोबर उत्तर द्यायची खोड जडलेली. म्हणालो, "बुटका ताड आहे, आचार्य."

आचार्य दोन पावलं मागं सरकले. "ताड? माझ्या घरात? अहो, ताडाखाली बसून दूध प्यालं तरी लोक ताडीच म्हणतेत."

"गुडघ्याएवढं तर झाड आहे. त्याच्याखाली बसायचं म्हटलं तर कोंबडी बसेल."

"वाढंल की."

"वाढत नाही, असं साहेब म्हणाले."

"साहेबाचं काय, साहेब सगळंच म्हणतेत," आचार्य म्हणाले, आणि त्या दिवशी न्याय न करताच उठले.

मार्गशीर्ष लागला. बिदरकडच्या पठारावरची थंडी ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको. पहाटे रांजणातलं पाणी हाताला चावतं. मी रोज उठून आधी झाडाजवळ जात असे. साहेबांनी बर्फाची ग्वाही दिली होती हे खरं. पण विलायतेच्या थंडीची सवय असणं वेगळं आणि चिटगुप्प्याच्या थंडीची सवय असणं वेगळं. तिथली थंडी त्याच्या माहेरची, इथली परकी. शिवाय साहेब स्वतः बर्फात कधी गेले होते, हा आचार्यांनी नंतर एकदा केलेला सवाल माझ्या डोक्यात घर करून बसला होता.

त्यात एक पान शेंड्याला पिवळं पडलं.  दूध घालायला येणारी लक्ष्मम्मा शेजारच्याच गल्लीतली, सहा लेकरं वाढवलेली बाई. ती झाडापुढं बसली, पान हातात धरलं आणि म्हणाली, "अय्यो अक्का, ह्ये तर तान्हं कूस हाय की! उघड्यावर ठिवल्यासा कामून? त्येला गारवा बसलाय. शेक द्या, धुरी द्या."

तान्ह्या लेकराला द्यायची तशी सगळी बडदास्त सुरू झाली. मुली सासरी गेल्यापासून सुशीलाबाईंच्या हातांना काम नव्हतंच. झाडाभोवती चार काठ्या रोवून वर माझी घोंगडी आली. आत शेगडी. शेगडीवर ओव्याचं पाणी भरलेली हंडी, वाफ मिळावी म्हणून. नजर लागू नये म्हणून देठाला बिब्बा. मी एकदाच म्हणालो, "साहेब म्हणत होते, थंडी लागली तरी चालते." त्यावर दोघी बायकांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी शाळेची टोपी घालून बाहेर पडलो.

शेक दिल्यावर पानांचे शेंडे तपकिरी झाले. याचा अर्थ गारवा आत भिनलाय, असं लक्ष्मम्मानं सांगितलं. मग शेगडीत दुप्पट कोळसे पडू लागले. जितकी पानं करपत, तितका शेक वाढे. जितका शेक वाढे, तितकी पानं करपत. वर्गात मी भागाकार शिकवत असलो तरी मन अंगणात. एकदा फळ्यावर बाकी शून्य लिहिली आणि माझेच डोळे भरून आले. मुलांना वाटलं, मास्तरांना भागाकार फार लागतो.

आणि एका सकाळी दारात आबकारीचे गिरदावर उभे राहिले. सोबत काठीवाला जवान.

आबकारी म्हणजे दारूचं खातं, आणि गिरदावर म्हणजे त्याचा फिरता अंमलदार. आमच्या राज्यात शिंदीचं किंवा ताडाचं झाड कुणाच्याही रानात उगवो, ते सरकारचं. बुंध्यावर डांबरानं नंबर पडतो, आणि मग त्या झाडाला सरकारी नोकराहून जास्त मान. ते तोडायचं नाही, हलवायचं नाही, परवान्यावाचून त्याला चीरही द्यायची नाही. हे सगळं मला माहीत होतं. पण माझ्या झुडपाचा आणि त्या खात्याचा काही संबंध असेल हे मनातही आलं नव्हतं. गिरदावर गल्लीतून चालले होते आणि त्यांना कुंपणावरून घोंगडी पांघरलेलं काहीतरी दिसलं होतं. वरून पंख्यासारखं एक पान डोकावत होतं, खालून धूर निघत होता.

"मास्टरसाब, कंबल कायकू?" त्यांनी अदबीनं विचारलं.

"थंडी लागते म्हणून."

"किसकू?"

"झाडाला."

गिरदावर जवानाकडं वळले. "झाडाला थंडी वाजायली," ते शांतपणे म्हणाले. जवानानं घोंगडी उचलली. आत शेगडी, शेगडीवर हंडी, हंडीला झाकण, झाकणातून वाफ, आणि या सगळ्याच्या मधोमध ताडाचं झाड. गिरदावरांच्या डोळ्यांनी मलाही ते पहिल्यांदाच दिसलं. चोरून दारू गाळायची भट्टी याहून वेगळी कशी दिसत असेल?

"ओव्याचं पाणी आहे हो!" मी ओरडलो.

गिरदावरांनी झाकण काढून वास घेतला. "ओवा डालके बनाते?" त्यांनी जवानाला विचारलं. जवान अनुभवी होता. "काही लोक घालतेत," तो म्हणाला.

"साहेब, मी हेडमास्तर आहे."

"मुन्सरिम," जवानानं दुरुस्ती केली. ही खबर दारूखात्यापर्यंत पोचली होती तर!

"ये ताड है क्या?" गिरदावरांनी विचारलं.

पुन्हा तीच खोड. "ताडाच्याच कुळातला," मी म्हणालो. "पण बुटका. यातून रस निघत नाही."

"तुमकू कैसा मालूम? काढके देखे?"

आता याला काय उत्तर द्यावं? काढून पाहिलं म्हणावं तर गुन्हा, नाही म्हणावं तर मग ठाऊक कसं? शेवटी मी हुकमी पान टाकलं. म्हणालो, हे झाड खुद्द मोहतमीमसाहेबांनी दिलंय.

गिरदावर गंभीर झाले. जवळ येऊन हळूच म्हणाले, "तो फिर पंचनाम्यात लिहू क्या, मोहतमीमसाब ने दिये?"

माझ्या डोळ्यांपुढं दारूच्या पंचनाम्यात साहेबांचं नाव आलं, आणि ते नाव वाचणारे साहेब आले. "नको, नको," मी म्हणालो. "झाड आपोआपच उगवलं."

त्या हंडीत दारू नाही एवढं त्यांनी मान्य केलं, कारण माणूस मुळात भला होता. पण घोंगडी, शेगडी आणि हंडी जप्त झाली, आणि झाडावर नंबर घालायचं ठरलं. जवान डांबराचा डबा घेऊन बुंधा शोधू लागला. बुंधा नव्हताच. पानं बाजूला करायला गेला तर काट्यांनी त्याचा हात फोडून काढला. "साहेब, ह्या झाडाला नंबर लिवायला जागाच न्हाई," तो बोट चोखत म्हणाला. नंबर नाही असं ताडाचं झाड राज्यात असू शकत नाही आणि या झाडावर नंबर बसत नाही, असा पेच बराच वेळ चालला. मग जवानानंच तोड काढली. पत्र्याच्या तुकड्यावर नंबर घातला, वर 'आबकारी' असं लिहिलं, आणि पत्रा ठोकला तो आमच्या दाराच्या चौकटीवर, झाडाच्या अगदी जवळ म्हणून.

आता तुम्हीच सांगा, दारावर आबकारीचा नंबर असलेलं घर गावात कशाचं असतं?

त्याच संध्याकाळी कुणी एक पाहुणा माणूस हातात लोटा घेऊन ओट्यावर येऊन टेकला. पागोटं काढून घाम पुसला, आत डोकावला आणि म्हणाला, "मालक, तुमी सोताच काढताव का माणूस ठिवलाय?" मी त्याला समजावून सांगायला लागलो, तर तो डोळा मिचकावून म्हणाला, "व्हय, व्हय, दमानं घ्या. मी कुणाला बोलायचो न्हाई." सुशीलाबाईंनी आतून त्याच्या लोट्यात ताक ओतलं. ते पिऊन तो म्हणाला, "कच्ची हाय अजून," आणि गेला.

रामाचार्यांनी हे सगळं आपल्या ओट्यावरून पाहिलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ते आमच्या दारावरून जाताना उपरणं नाकाला लावून रस्त्याच्या पलीकडून जाऊ लागले. माझ्याशी बोलणं बंद. लक्ष्मम्माकडून निरोप आला, "आचारी सांगायलेत, माघ सरला की घर मोकळं करा म्हून." ज्या माणसानं माझ्या ओट्यावर बसून इतक्या संध्याकाळी काढल्या त्यानं असा निरोप धाडावा, याचं मला फार वाईट वाटलं. रागही आला. पण त्या पत्र्याखालून जायचं कसं, हा त्यांचा सवाल मला पटत होता. मीच मान खाली घालून जात होतो.

घोंगडी जप्त झाल्यामुळं झाड उघडं पडलं होतं. आता ते नक्की मरणार म्हणून मी रोज पहाटे उठून श्वास रोखून बघायचो. नुसतं मेलं असतं तर साहेबांचाच राग. आता नंबर असल्यामुळं मेलं तर सरकारचाही. सरकारी झाड का मेलं याचा जबाब द्यावा लागतो, हे जवानानं जाता जाता सांगितलं होतं. पण ते मरेना. कडाक्याच्या थंडीत करपलेली पानं गळून नवी, तुकतुकीत पानं आली. साहेब खरंच बोलले होते. आमच्या मायेनंच ते मरायला टेकलं होतं, सरकारच्या जप्तीनं वाचलं.

हायसं वाटून मी पाठ टेकणार, तोच बुडाशी दोन कोंब दिसले. चांगले जोमदार, पंखा उघडायच्या बेतात असलेले. हे झाड उंच होत नाही, झाडी होतं, हे साहेबांचं बोलणं मला तेव्हा कळलं. सुशीलाबाई कौतुकानं म्हणाल्या, "अगंबाई, पिल्लं झाली की!" आणि मला घाम फुटला. पिल्लं म्हणजे नवी झाडं. नवी झाडं म्हणजे नवे नंबर. आणखी पत्रे ठोकायला आमच्या दाराची चौकट पुरायची नाही.

गिरदावर पुढच्या फेरीला आले. त्यांनी कोंब पाहिले, कपाळावर आठ्या घातल्या आणि हा एकच ताड समजायचा की तीन, हे बिदरला विचारावं लागेल असं सांगून गेले. जवाब येईपर्यंत कोंबांना धक्का लागता कामा नये. मी मान डोलावली. ते गल्लीच्या टोकाला पोचलेही नसतील, तेवढ्यात लक्ष्मम्माची शेळी आत शिरली आणि त्यातला एक कोंब तिनं मुळापासून खाल्ला.

माझ्या किंचाळण्यानं गिरदावर परत आले. सरकारी झाड की सरकारी झाडाचं पोर, हे ठरायच्या आतच ते नाहीसं झालं होतं. पंचनामा सुरू झाला. लक्ष्मम्मा कमरेवर हात ठेवून उभी. "माजी शेळी ताडाला शिवायची बी न्हाई," तिनं ठणकावलं. "लिंगायताच्या घरची शेळी हाय ती!" शेळी उरलेला देठ शांतपणे चघळत होती. पंच म्हणून सही करायला रामाचार्यांना बोलावलं, तर ते भिंतीपलीकडून म्हणाले, "मी काही बघितलं न्हाई. ताडाकडं बघायची आमची रीत न्हाई." शेवटी जवानानं शेळीचं वर्णन लिहून घेतलं, आणि तिला गाव सोडून जायची मनाई झाली.

असा माघ जवळ येत चालला. झाड जगलं होतं. दारावर पत्रा होता हे खरं, पण साहेबांना हात जोडून सगळं सांगू, ते हसतील, असा धीर मी स्वतःला देत होतो. आणि मग बिदरहून खबर आली. आमच्या मोहतमीमसाहेबांची बदली झाली. नवे साहेब आले. त्यांना बागेचा नाद नव्हता. त्यांनी येताच सगळ्या मुन्सरिम लोकांना हलवायला घेतलं. चिटगुप्प्याला किशनराव नावाचे मुस्तकील हेडमास्तर नेमले गेले, आणि मला औरादच्याही पलीकडं, तेलंगी मुलखाच्या काठावर, एका खेड्यातल्या शाळेत साधा मुदर्रिस, नुसता मास्तर म्हणून जायचा हुकूम झाला.

मी ओट्यावर बसून राहिलो. रडू आलं ते आलंच. लपवण्यासारखं त्यात काही वाटलं नाही. ज्या साहेबांसाठी मी भट्टीवाला ठरलो, ते साहेबच राहिले नाहीत. इतकी वर्षं या शाळेची घंटा माझ्या हुकमानं वाजली, आता दुसऱ्याच्या घंटेला मी वर्गात शिरायचं. सुशीलाबाई शेजारी येऊन बसल्या. "चला," त्या म्हणाल्या, "तिथं तरी कुणी आपल्या दारात लोटा घेऊन येणार न्हाई." पण बोलता बोलता त्यांनीही पदर डोळ्यांना लावला.

किशनराव सामानाची गाडी घेऊन आले. उंच, सात्त्विक माणूस, गळ्यात तुळशीची माळ. रामाचार्यांनी त्यांना हेच घर द्यायचं कबूल केलं होतं. दाराशी येताच किशनरावांची नजर पत्र्यावर गेली, आणि माळेवर हात गेला.

"हे काय?"

"झाडाचा नंबर," मी म्हणालो.

"तुमी न्या की बरोबर."

एवढं साधं असतं तर काय हवं होतं! गिरदावरांना बोलावून घेतलं. त्यांनी समजावलं: सरकारी झाड जागेवरून हलायचं नाही. मास्तर जाऊ शकतात. पण झाड कुणाच्या तरी हवाली करून, त्याची सही झाल्यावर.

"कुणाच्या?" किशनरावांनी विचारलं.

"घरात जो राहील त्याच्या."

 किशनराव गाडीवानाला म्हणाले, "सामान उतरवू नको." मग मला बाजूला घेऊन कळवळून म्हणाले, "नरहरराव, माझं वाईट वाटून घिऊ नका. माझ्या आईनं मला ह्या माळेची शपथ घातलीय. ताडाच्या झाडापुढं माझं नाव लागलं तर ती अन्न सोडंल." आणि ते ज्या गाडीनं आले त्याच गाडीनं धर्मशाळेकडं गेले.

आपल्या ओट्यावरून आचार्य हे ऐकत होते. पहिल्यांदाच ते बोलले, पण गिरदावरांशी. "बरं झालं. घर रिकामंच राहू द्या. मास्तर जायलेत ना?"

"जाने दो," गिरदावर म्हणाले. "घर रिकामा तो झाड घरमालक के नाव पे."

आचार्यांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. आधी त्यांना ते समजलं नाही. मग समजलं. आबकारीच्या दप्तरात, शिंदीवाल्या-ताडीवाल्यांच्या रांगेत, रामाचार्य. बारा गावच्या यजमानांकडं जाऊन श्राद्धाचं पान मांडणारे रामाचार्य. ते भिंतीला धरून खाली बसले. सुशीलाबाई पाणी घेऊन धावल्या, आणि ज्या घरचं पाणी त्यांनी कधी घेतलं नव्हतं त्या घरचा तांब्या त्यांनी तोंडाला लावला.

मग ते उठले, तरातरा चालत माझ्यापुढं आले आणि माझे दोन्ही हात धरले.

"नरहरराव, तुमी कामून जायलात?"

"हुकूम आहे, आचार्य."

"हुकूम! तुमच्यासारखा माणूस गावातून जायचा, अन् आम्ही बघत बसायचं? तुमचं मुकाट्यानं काम करणं, मुलांवरची माया, सगळं सगळं मी बघायलोय की!" त्यांचे डोळे पाणावले होते. ते झाडासाठी की माझ्यासाठी, हे तेव्हा मी विचारलं नाही. कुणी तरी आपल्याला जाऊ नका म्हणतंय, एवढं मला पुरलं.

दुसऱ्या दिवशी आचार्य सोवळ्याचं सामान गाडीत घालून बिदरला निघाले. किशनरावही सोबत, त्यांना दुसरं गाव मागायचं होतं. साहेबांपुढं काय झालं ते मला किशनरावांनीच मागाहून सांगितलं. आचार्यांनी माझी अशी तारीफ केली की साहेबांना वाटलं, आपण कुणा साधुपुरुषाला हलवायला निघालो होतो. किशनराव म्हणाले, चिटगुप्प्याला मी जाणार नाही, हवं तर मला औरादपलीकडं धाडा. तेवढ्यात आबकारीकडून विचारणा आली, झाड नेमकं कुणाच्या ताब्यात समजायचं. साहेब कंटाळले. कारकुनाला म्हणाले, "उस मास्टर कू वहीं मुस्तकील कर दो. झाड है तब तक उनकू हिलाव नको."

मी मुस्तकील झालो. खरा, कायमचा, चिटगुप्प्याच्या शाळेचा हेडमास्तर. खबर आली त्या दिवशी सुशीलाबाईंनी देवापुढं साखर ठेवली आणि पोत्यात बांधून ठेवलेला तांब्याचा मोठा हंडा बाहेर काढून चिंचेनं घासला. इतक्या वर्षांत तो कधी पोत्यातून निघाला नव्हता, उद्या हलावं लागलं तर म्हणून. तो चुलीशेजारी ठेवताना त्या माझ्याकडं पाठ करून उभ्या होत्या, पण त्या हसताहेत की रडताहेत हे मला कळत होतं. मी शाळेत गेलो आणि खुर्चीत पहिल्यांदा पाठ टेकून बसलो. सगळी शाळा बघत होती. फार बरं वाटलं.

संध्याकाळी आचार्य आमच्या ओट्यावर आले. उपरणं खांद्यावर, नाकाला नाही. नेहमीच्या जागी बसले. मी मनात म्हटलं, चला, सगळं पूर्ववत झालं.  मग त्यांनी घसा खाकरला आणि काळजीनं विचारलं, "बरं आहे ना?"

मला भरून आलं. म्हणालो, "छान आहे, आचार्य. आज बघा, भूकसुद्धा कडकडून लागली."

"तुमचं न्हवं हो," ते म्हणाले, "झाडाचं विचारायलोय."

 मी उठलो आणि झाड बघून आलो.